काच स्वच्छ होती

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. जहाजावर किंवा डोंगरावर डोळ्याला लावतात ती नव्हे. खेळाच्या रायफलीवर बसवतात ती, दीड वीत लांबीची एक काळी नळी. माझी गोष्ट सांगायला मी योग्य आहे की नाही, याची मला खात्री नाही. जिच्यामुळे एका मुलीचे नुकसान झाले, तिनेच ते सांगायला बसायचे, हे जरा विचित्रच वाटते. पण इतरांनी ते बाहेरून पाहिले आणि मी आतून पाहिले. म्हणून सांगते. मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. तिथे सगळ्या खिडक्या एकाच बाजूला होत्या, कारण काच पाहायला एकाच बाजूचा उजेड लागतो. माझी भिंगे ओल्या तांबड्या भुकटीत दिवसच्या दिवस घासली गेली. मग एका बाईने डोळ्याला जाड भिंग लावून, केसाहून बारीक अशा दोन तारा एका पितळी कड्यात ताणून बसवल्या. ही माझी फुली. नेमबाज जिथे ही फुली धरतो, तिथे छर्रा किंवा गोळी जायला हवी. ते कडे माझ्या पोटात एका छोट्या पट्टीच्या जोरावर उभे असते. वर आणि बाजूला दोन घुंड्या असतात. त्या टक् टक् फिरवल्या की कडे किंचित सरकते आणि नेम दुरुस्त होतो. एवढेच माझे शरीर. सांगायचे ते नीट सांगितले का, कोण जाणे. पण एवढे लक्षात ठेवा, की काच ही एक गोष्ट आणि कडे ही दुसरी गोष्ट.

माझे पहिले मालक जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. ते दुकानात आले तेव्हा त्यांच्या हातात प्रश्न लिहिलेला कागद होता. रायफल कोणती, धक्का किती, निशाण किती दूर, चष्म्यासकट डोळा काचेपासून किती बोटे लांब राहील. विकणारा वैतागला.

"अहो, दुर्बीण बघताय की सून?"

"सून मुलगा बघेल," ते शांतपणे म्हणाले. "दुर्बीण मलाच बघायला हवी."

चौदा वर्षे मी त्यांच्या मोठ्या रायफलीवर होते. त्या रायफलीचा धक्का असा, की धिप्पाड माणसाचा खांदासुद्धा दुखावा. पण तो धक्का नेहमी एकाच दिशेने यायचा, मागे. मला त्याच धक्क्यासाठी बांधले होते. माझे कडे कधी केसभरही हलले नाही. लोक मला हातात घेऊन म्हणायचे, "काय चीज आहे!" मित्रांनो, कौतुक ऐकून मी जरा फुगले होते हे कबूल करते. पुढे मालकांचा खांदा आखडला. त्यांनी मला एका मऊ मोज्यात गुंडाळले आणि रायफलींची दुरुस्ती करणाऱ्या एका मिस्त्रींच्या दुकानात विकायला ठेवले. काचेच्या कपाटात खालच्या खणात, एका वाकड्या तिपाईच्या शेजारी, मी तीन वर्षे पडून होते. कुणी विचारले नाही.

मग एका दुपारी दोघी बहिणी आल्या.

मोठीला सगळे ताई म्हणत. ती एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, चाकावर काचा घासून फ्रेमच्या मापाच्या करायचे काम करत असे. तिच्या बोटांची टोके सतत पाण्यात असल्यासारखी पांढुरकी होती. धाकटीला घरी भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी जेवण संपेपर्यंतसुद्धा बसत नसे. तीच भिंगरी आता नेमबाजी क्लबात तासन्‌तास दगडासारखी पडून नेम धरायची. याचे आईला कौतुकापेक्षा आश्चर्य जास्त वाटे. "घरात एक भाजी चिरेपर्यंत टिकत नाही, तिथं बरी मेल्यासारखी पडून राहते," असे ती म्हणायची.

भिंगरीचे विसावे वर्ष अर्धे सरले होते. नेमबाजांचे एक निवासी प्रशिक्षण केंद्र होते. तिथे एकविसावे न लागलेल्यांनाच घेत, आणि क्लबातून एकाचीच निवड व्हायची. चाचणी चार महिन्यांवर होती. चाळीस छर्रे, तीस मीटर, दुर्बीण लावून. यंदा नाव लागले नाही तर पुढच्या वर्षी वय निघून जाणार होते. आईने खोक्यांच्या कारखान्यात तिच्यासाठी आधीच शब्द टाकून ठेवला होता. भिंगरीकडे रायफल होती; दुर्बीण नव्हती. ती निवडायची जबाबदारी ताईने घेतली. घरात काचेतले कळत होते ते तिलाच.

त्या महिन्यात मिस्त्रींच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते आणि गल्ल्यावर त्यांचा मेहुणा बसलेला होता. हा मनुष्य स्वभावाने चांगला, पण दुकानातल्या वस्तूंबद्दल त्याला तेवढेच माहीत होते जेवढे गिऱ्हाइकाला खूश करायला पुरते.

भिंगरीने एक नवी, जाडजूड दुर्बीण उचलली. "ताई, ही बघ कशी चकाकतेय."

"चकाकतंय ते बाहेरचं. आतून बघ." ताईने समोरच्या रस्त्यापलीकडच्या पाटीवर ती रोखली. "अक्षरांच्या कडेला जांभळी झाक येतेय. ठेव खाली."

मग मेहुण्याने एक साधी, ठेंगणी दुर्बीण पुढे केली. तिच्या खोक्यावर हवेच्या रायफलीचे चित्र होते. ताईने डोळा लावला आणि लगेच काढला.

"ही काच आहे की बाटलीचं बूड?"

"स्वस्त आहे ना, ताई. पण लोक नेतात."

"लोक नेतात म्हणून आम्हीही न्यायची का?"

मग तिची नजर खालच्या खणाकडे गेली. तिने मला मोज्यातून काढले, माझ्या काचेवर हळूच फुंकर घातली, आणि वाफ कशी उडते ते पाहत राहिली. मग पाटीवर रोखून तिने इतका वेळ पाहिले, की भिंगरी तिला कोपराने ढोसू लागली.

"अगं, मला तरी बघू दे!"

"थांब. बाई गं, काय काच आहे ही! कुणी घासलीय? भेटला तर पाया पडेन त्याच्या."

"मोठ्या रायफलीवरची आहे ती," मेहुणा म्हणाला. "तोफेवर बसवलीत तरी हूं का चूं करणार नाही."

"आमची तर हवेची आहे," भिंगरी म्हणाली. "स्प्रिंगची."

"मग तर प्रश्नच मिटला! हत्तीवर बसून फिरलेली आहे ती. आता शेळीवर बसेल."

तिघेही हसले. मित्रांनो, मीही मनातल्या मनात हसले. लहानशी हवेची रायफल ती, माझे काय वाकडे करणार, असे मला वाटले. त्या दुकानात त्या क्षणी खरे काय ते कुणालाच माहीत नव्हते. ज्यांना माहीत होते ते घरी डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते. आणि ती ठेंगणी, बाटलीच्या बुडाची दुर्बीण, जी या कामासाठीच बांधलेली होती, ती परत खोक्यात गेली.

आता स्प्रिंगच्या रायफलीबद्दल सांगते. तिच्यात दारू नसते. आत एक जाड स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. घोडा ओढला की स्प्रिंग सुटते आणि एक जड दट्ट्या पुढे फेकते. त्याने हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. स्प्रिंग सुटताना रायफल मागे ढकलली जाते. पण दट्ट्या टोकाशी जाऊन आदळला, की तीच रायफल पुढे हिसका खाते. आधी मागे, लगेच पुढे. माझी पट्टी मागच्या धक्क्याला छातीठोकपणे उभी होती. पुढच्या हिसक्याला तिच्या पाठीशी काहीही नव्हते.

पहिला महिना फार सुंदर गेला. ताईने माझी पुढची काच दोन आटे फिरवून तीस मीटरवरचे निशाण लख्ख करून दिले. हे काम क्लबात दुसऱ्या कुणाला जमले नसते. भिंगरीच्या कागदावर छर्रे एकमेकांच्या भोकातून जाऊ लागले. क्लबाचे सर फार बोलत नसत, पण एकदा कागद उजेडाकडे धरून म्हणाले, "अंगात कोण आलंय आज?"

"ताईची काच आलीय, सर," भिंगरी म्हणाली.

सरांनी ताईला निरोप पाठवला, की दुर्बीण फार चांगली निवडली. ताईने तो निरोप आईला दोनदा सांगितला.

सहाव्या आठवड्यात, एका सकाळी, बाविसाव्या छऱ्याला, माझ्या आत काहीतरी सुटले. फार नाही. पट्टी तिच्या खाचेतून नखाच्या कडेइतकी निसटली. कडे एका बाजूला टेकले. तीन-चार छऱ्यांनंतर पुन्हा हिसका बसला आणि ते मूळ जागी आले. मग पुन्हा तिकडे. मी पूर्ण मोडले असते तर बरे झाले असते. मोडलेली वस्तू सगळ्यांना दिसते. मी मोडले नव्हते. मी कधी खरे सांगत होते आणि कधी खोटे, आणि दोन्ही वेळा चित्र तितकेच लख्ख दिसत होते.

भिंगरीचे छर्रे डावीकडे वर जाऊ लागले. तिने श्वास बदलून पाहिला. गाल टेकवायची जागा बदलून पाहिली. दोन दिवस चहा सोडला. मी पाहत होते मित्रांनो, अगदी जवळून, तिच्या डोळ्यापासून चार बोटांवरून. तिचा डोळा स्थिर होता. बोट घोड्यावर इतके हळू यायचे, की मलाही छर्रा सुटेपर्यंत कळायचे नाही. सगळे बरोबर होते. चुकत होते ते मी. आणि मला तोंड नव्हते.

"मनात काय चाललंय तुझ्या?" सर विचारायचे.

"काही नाही, सर."

"काही नाही कसं? हे हात नाही चुकत, मन चुकतंय. चाचणीला घाबरलीस."

घरी ती ताईला म्हणाली, "एकदा दुर्बीण बघशील?"

ताईने मला खिडकीशी नेले. काच उघडून, पुसून, फुंकर घालून, भिंगातून कडा पाहिल्या. तिचे काम तिने अगदी मन लावून केले. "काच स्वच्छ आहे. ओरखडा नाही, बुरशी नाही. काच खोटं बोलत नाही, भिंगरी."

"मग काय खोटं बोलतंय?"

दुसऱ्या दिवशी ताईने बहिणीला आपल्या दुकानात नेले, खुर्चीत बसवले आणि तिचे डोळे तपासून घेतले. उजव्या डोळ्याला जरासा नंबर निघाला, इतका किरकोळ की तपासणाराच म्हणाला, "नाही लावलात तरी चालेल." ताईने त्याच संध्याकाळी स्वतःच्या हाताने काचा घासून चष्मा करून दिला. इतका प्रेमाने केलेला चष्मा मी दुसरा पाहिला नाही. त्याची मुळीच गरज नव्हती.

एकदाच माझी सुटका होता होता राहिली. मला रायफलीवरून उतरवताना भिंगरीला काहीतरी ऐकू आले. तिने मला कानाशी धरून हलवले. आत कडे बारीकसे वाजले. खुळ्. तिचा चेहरा एकदम उजळला. ती मला छातीशी धरून तशीच धावत घरी आली.

"ताई, आत काहीतरी वाजतंय!"

ताईने ओले हात पुसले आणि मला कानाशी धरले. मित्रांनो, त्या क्षणी मी जेवढी प्रार्थना केली तेवढी कधी केली नाही. पण येताना दाराच्या चौकटीला मी आपटले होते, आणि कडे पुन्हा खाचेत जाऊन घट्ट बसले होते. ताईने हलवले. पुन्हा हलवले. काही वाजले नाही.

"कुठं वाजतंय?"

"आत्ता वाजत होतं. शपथ."

ताईने मला खाली ठेवले आणि बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात फार मायेचा होता, आणि म्हणूनच मला तो सहन झाला नाही. "झोप नीट होत नाहीये तुझी," ती म्हणाली.

त्यानंतर भिंगरीने माझ्याबद्दल एक शब्दही काढला नाही. तिने दुसऱ्या कुणावर तरी संशय घ्यायचे ठरवले होते. स्वतःवर.

चाचणीचा दिवस कोरडा आणि निवांत होता. वाऱ्याची सबब सांगायलाही सोय नव्हती. एका कागदावर दहा छर्रे, असे चार कागद. सरांचा कडक नियम असा, की एक कागद पुरा होईपर्यंत घुंडीला हात लावायचा नाही. पहिले पाच छर्रे नेमके मध्यावर गेले. मी श्वास रोखला, म्हणजे रोखता आला असता तर रोखला असता. सहाव्याला पट्टी निसटली. छर्रे डावीकडे वर. कागद संपल्यावर तिने मन घट्ट करून घुंडी उजवीकडे खाली फिरवली. तिने केले ते अगदी बरोबर होते, कडे तिथेच राहिले असते तर. दुसऱ्या कागदाच्या पाचव्या छऱ्याला ते पुन्हा मूळ जागी आले, आणि आता छर्रे उलट दिशेला उडाले. अशी ती चारही कागद माझ्या मागे धावत राहिली. मला थांबता येत नव्हते. तिसऱ्या कागदाला तिने चष्मा काढून बाजूला ठेवला. चौथ्याला पुन्हा घातला.

अकरा गुण कमी पडले. नाव दुसऱ्याच एका मुलाचे लागले.

भिंगरी रडली नाही. तिने मला उतरवले, कापडात गुंडाळले आणि ताईच्या हातात दिले. "तुझी काच वाया गेली," एवढेच म्हणाली.

पुढच्या सोमवारपासून ती खोक्यांच्या कारखान्यात जाऊ लागली. मी घरात कपाटावर होते, म्हणून मला दिसायचे. हातून सांडेल म्हणून तिने पेला अर्धाच भरायला सुरुवात केली. सुई ओवायची वेळ आली की ती आईकडे द्यायची, "तूच ओव, माझा हात धड नाही." आई चिडायची. "काय झालंय हाताला? खोकी तर बरी चिकटवतेस!" भिंगरी म्हणायची, "खोक्यांना नेम लागत नाही, आई." ती थट्टा होती. कुणी हसत नसे.

दोन महिन्यांनी ताई मला विकायला घेऊन मिस्त्रींकडे गेली. आता गल्ल्यावर मिस्त्री स्वतः होते. त्यांनी मला ओळखले. काच पाहून मान डोलावली आणि मग विचारले, "कुठल्या रायफलीवर होती?"

"हवेच्या. स्प्रिंगच्या."

मिस्त्रींनी मला टेबलावर ठेवले आणि ताईकडे पाहिले. मग मागच्या खोलीत हाक मारली, "अहो मेहुणे, जरा इकडे या," आणि ते येईपर्यंत टेबल मोकळे केले. मला त्यांनी दोन लाकडी ठोकळ्यांत घट्ट आवळले. समोरच्या भिंतीवर चौकटी आखलेला कागद लावला. "बाई, या इथं. फुली कुठल्या चौकटीवर आहे?"

"मधल्या."

त्यांनी लाकडी दांड्याने मला मागून पुढे एक हलकी टिचकी दिली. "आता?"

ताई पाहत राहिली. "सरकली," ती म्हणाली.

आणखी एक टिचकी. "आता?"

"परत आली."

"हिला कुणी हात लावलाय का? रायफल आहे का खाली? माणूस आहे का?" मिस्त्री मेहुण्याकडे पाहत बोलत होते. मेहुणा पायांकडे पाहत होता. "काच उत्तमच आहे, बाई. काचेला काय झालंय? तुम्ही काच बघितलीत. फुली ज्यावर उभी असते ते कुणी बघितलं नाही."

ताईला बसायला स्टूल दिले. पाणी दिले. थोड्या वेळाने मिस्त्रींनी विचारले, "चाचणीचे कागद आहेत का कुठं? हात कापरा असला की भोकं सांडल्यासारखी सगळीकडे पडतात. दुर्बीण सुटली असली की दोन पुंजके पडतात. आपोआप कळतं."

ताई तशीच क्लबात गेली. मी तिच्या पिशवीत होते. सरांनी कपाटातून चार कागद काढले आणि टेबलावर मांडले. ताईने काही सांगायच्या आधीच ते खुर्चीत मागे टेकले. प्रत्येक कागदावर दोन पुंजके होते. घट्ट, नीटस, बोटाच्या पेराएवढे.

"मी बेरीज केली," सर म्हणाले. "फक्त बेरीज केली."

त्यांनी केंद्राला फोन केला. मग दुसरा केला. यादी बंद झाली होती. भिंगरीला एकविसावे लागून दहा दिवस झाले होते. फोन ठेवून ते म्हणाले, "आता तिला सांगून काय मिळणार? हळूहळू विसरेल ती."

"विसरत नाहीये, सर," ताई म्हणाली. "ती पेला अर्धा भरते."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी, ताईने मला आणि ते चार कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले. भिंगरी डबा बांधत होती. ताईने सगळे सांगितले. मिस्त्री, टिचकी, पुंजके. काही गाळले नाही. बाटलीच्या बुडाची म्हणून जी दुर्बीण परत ठेवली, तीच योग्य होती, हेसुद्धा सांगितले.

भिंगरीने हात पुसले. मग पहिल्या कागदावरच्या एका पुंजक्यावर तिने आपला अंगठा ठेवला. पाचही भोके झाकली गेली. अंगठा उचलून दुसऱ्यावर ठेवला. तीही झाकली गेली. दुसरा कागद. तिसरा. चौथा. ती एकेक करून सगळ्यांवर अंगठा ठेवत गेली. आई चुलीशी तशीच उभी राहिली.

"म्हणजे हात बरोबर होता," ती म्हणाली.

"बरोबर होता."

"सगळ्या चाळीसला?"

"सगळ्या चाळीसला."

"मी तुला म्हटलं होतं, दुर्बीण बघ."

"म्हटलं होतंस."

"तू माझे डोळे तपासलेस, ताई."

भोंगा झाला. भिंगरीने डबा पिशवीत टाकला, दारापर्यंत गेली आणि परत आली. तिने ते चार कागद गोळा केले, कडा जुळवून नीट घडी घातली आणि पिशवीत डब्याशेजारी ठेवले.

"हे माझे आहेत," ती म्हणाली आणि कामावर गेली.

मित्रांनो, याला बरेच दिवस झाले. भिंगरी अजून त्याच कारखान्यात आहे. ती ताईशी बोलते, पण कामापुरते. रायफल विकलेली नाही आणि हातातही घेतलेली नाही. ती पुन्हा कधी नेम धरेल का, मला माहीत नाही. मी भविष्य सांगणारी दुर्बीण नव्हे, आणि जवळचे सांगतानाही माझी किती चूक झाली ते तुम्ही ऐकलेच. ताईने मला विकले नाही. मी तिच्या कामाच्या जागी, काचा घासायच्या चाकाशेजारी, एका डबीत असते. कुणी गिऱ्हाईक म्हणाले की चष्मा टोचतो, तर ती आधी त्याचे नाक दोषी धरत नाही. फ्रेम हातात घेऊन सगळे स्क्रू एकेक करून पाहते. मग पुन्हा पाहते.

माझे सांगणे फार थोडे आहे, आणि ते सांगायचा अधिकार मला कितपत आहे याचीही शंका आहे. तरी सांगते. एखादी वस्तू निवडताना ती किती सुंदर आहे हे जरूर पाहा, पण तिच्यावर कोणते ओझे येणार आहे ते आधी विचारा. ते सांगू शकेल असा माणूस घरी आजारी असला, तर चार दिवस थांबा. माणसाच्या हाताला दोष देण्याआधी त्याच्या हातातली वस्तू तपासा. ती तपासताना तुम्हाला जे उत्तम कळते तेवढेच पाहून उठू नका. तुम्हाला जे कळत नाही तिथेही बोट घाला. आणि कुणी धावत येऊन म्हणाले, की आत काहीतरी वाजते आहे, तर दोनदा हलवून खाली ठेवू नका. ज्याने ऐकले त्याच्यावर विश्वास ठेवून तिसऱ्यांदा हलवा, चौथ्यांदा हलवा. एवढे केलेत, तर निदान दुसऱ्या कुणाला आपल्या हाताचा निर्दोषपणा डब्याशेजारी घडी घालून ठेवून कारखान्याच्या फाटकातून आत जावे लागणार नाही.